बंद खोलीची किल्ली आधी मागावी

मागच्या महिन्यात आम्ही तेलगावला गेलो होतो. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता जिथे मिळतात, ते हे गाव. गळीत हंगामात इथल्या चौकात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रंदिवस ये-जा असते. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली असतात, आणि मळीचा वास घराघरांत येतो. ज्या घरी आम्ही उतरलो, ते या सदराचे जुने वाचक आहेत. घरात अम्मी, अब्बा, मुलगा, सून आणि तीन वर्षांपूर्वी माहेरी परत आलेली लेक. तिच्याबरोबर तिचा पाच वर्षांचा मुलगा. त्या घराच्या परवानगीने, कोणाची ओळख न देता, हे लिहीत आहोत.

रात्री जेवणे झाल्यावर अम्मींनी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक पुस्तक आमच्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "हे पुस्तक ती दुसऱ्यांदा वाचते आहे. वाचते आणि रडते. तुम्ही पुस्तकांवर लिहिता, आता तुम्हीच सांगा, वाचू द्यावं की काढून घ्यावं?"

आम्ही कव्हर उलटून पाहिले. वि. स. खांडेकरांची 'अमृतवेल'. शाळेच्या ग्रंथालयातून शेजारच्या शिक्षिकेने आणून दिलेली.

अम्मींच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता, तो थोड्या वेळाने बाहेर आला. माजलगावहून लेकीसाठी रिश्ता आला आहे. मुलाची पहिली बायको 2021 च्या कोरोनाच्या लाटेत गेली. त्यालाही एक लहान मुलगी आहे. इकडे लेकीचा नवरा शेजारच्या जिल्ह्यात, रात्री मोटारसायकलवर परत येताना, रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळून गेला. दोन्हीकडे तेच दुःख, तेव्हा जोडी जमेल, असे सगळे म्हणतात. "पण ही होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पुस्तक घेऊन बसते."

तेव्हा या महिन्याचे पुस्तक तेलगावच्या त्या घराने निवडले आहे, असे समजावे.

'अमृतवेल' 1967 साली प्रसिद्ध झाली. खांडेकर तेव्हा सत्तरीला आले होते. 'ययाति' येऊन गेली होती, आणि तिच्यासाठी 1974 चे ज्ञानपीठ मिळायचे होते. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. पण आमच्या घरांतून 'ययाति'पेक्षा 'अमृतवेल' जास्त हातांतून फिरली असेल, असे आम्हाला वाटते. ती छोटी आहे, आणि तिच्यात कोणाच्याही घरात घडावे असे दुःख आहे.

नंदा नावाची शिकलेली मुलगी. तिचे लग्न ठरलेले असते, आणि तो शेखर अपघातात जातो. जगण्यातले तिचे मन उडते. वडील तिच्याशी बोलतात, तिला सावरतात. मग ती घर सोडून विलासपूरला जाते, वसुंधरा नावाच्या स्त्रीची सोबतीण म्हणून. तिथे मोठा वाडा आहे, मधुरा नावाची लहान मुलगी आहे, आणि वाड्याचा मालक देवदत्त आहे. देवदत्त बुद्धिमान आहे, पण कडवट आणि स्वतःत मिटलेला. नवरा-बायकोत खोल दरी आहे. तिचे कारण कोणी सांगत नाही. हळूहळू वाचकाला कळते की देवदत्तच्या कडवटपणाचे मूळ त्याच्या लहानपणी घरात घडलेल्या गोष्टींत आहे. एक जखमी माणूस दुसऱ्या जखमी माणसासमोर येतो. पुढे काय होते ते आम्ही सांगत नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांचा आनंद का घालवावा?

वाडा, वाड्यातले गुपित, दुखावलेला पुरुष आणि दुःख घेऊन आलेली स्त्री, हा साचा खांडेकरांच्या आधीचा आहे. इंग्रजीत शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' 1847 साली आली. तिथेही एक अनाथ मुलगी मोठ्या घरात मास्तरीण म्हणून जाते, आणि घराच्या मालकाने एक गुपित लपवलेले असते. 1938 ची 'रेबेका' याच वाटेवरची. आज त्याच साच्यातल्या कथा मोबाइलवर रोज एकेक भाग करून येतात. तेलगावच्या त्या घरातली सूनही त्या वाचते. तिने आम्हाला त्यातली रीत हसत हसत सांगितली. "हिरोच्या मागे काहीतरी काळं असतं, हिरोइनच्या मागेही असतं. कोणीतरी त्यांच्या जिवावर उठलेलं असतं. दोघं एकत्र पळतात. हिरो आधी लई रागीट असतो, ओरडतो, हात धरून ओढतो. मग तिच्या प्रेमाने सुधारतो."

आम्ही विचारले, "आणि नाही सुधारला तर?"

ती म्हणाली, "मग कथा कशी होणार?"

एवढ्याशा उत्तरात सगळे आले. पण आधी पुस्तकाची बाजू घेऊ, कारण अम्मींना वाटते तशी ही पुस्तके मन बिघडवतात असे आम्ही मानत नाही.

पहिली गोष्ट, दुःखाचे नाव घेतले पाहिजे, हे 'अमृतवेल' शिकवते. आपल्या घरांत मयतीनंतर माणसे येतात, जेवण पाठवतात, धीर देतात. इद्दतीचे चार महिने दहा दिवस पुरे होतात. त्यानंतर घर असे धरून चालते की दुःखही पुरे झाले. ते होत नाही. नंदाच्या दुःखाला खांडेकरांनी पानेच्या पाने दिली. कोणी तिला "आता पुरे" म्हणून उठवून बसवले नाही. दुसरी गोष्ट, सावरायला काम लागते. नंदाला नवे गाव मिळाले, जबाबदारी मिळाली, सांभाळायला एक लेकरू मिळाले. आमच्या तेलगावच्या लेकीने पिको-फॉलचे मशीन घेतले, त्या महिन्यापासून तिची भूक परत आली, असे अम्मींनीच सांगितले. तिसरी गोष्ट, प्रेम म्हणजे माणसाला मुठीत धरणे नव्हे, हा प्रश्न खांडेकरांनी शेवटपर्यंत सोडला नाही. देवदत्त आणि नंदा यांच्यात जे आहे त्याला काय म्हणावे, यावर वाचक आजही वाद घालतात. सरधोपट प्रेमकथा असती तर एवढा वाद झाला नसता.

आणि एक जुनी आठवण. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 सालची. तिचा विषयच विधवांचे हाल आणि त्यांचा पुनर्विवाह. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा त्यांची पहिली पत्नी वारली होती आणि गोदूबाई बालविधवा होत्या. दोघांनाही गावाने वाळीत टाकले. तेव्हा मोडलेल्या दोन माणसांनी नवे घर मांडावे की नाही, हा प्रश्न मराठी पुस्तकांत आणि मराठी घरांत सुरुवातीपासूनचा आहे. आपल्याकडे विधवेच्या निकाहला धर्माने कधीच अडसर घातला नाही. अडसर घातला तो रिवाजाने, शेजाऱ्यांच्या तोंडाने आणि "लोक काय म्हणतील"ने.

आता पुस्तकात जिथे थांबून विचार करावा, ती जागा.

कादंबरीत गुपित ही गोडी असते. बंद खोलीत काय आहे हे कळेपर्यंत आपण पान उलटत राहतो. घरात मात्र तेच गुपित धोका असते. कादंबरीतला पुरुष कितीही कडवट असला तरी लेखकाने आधीच ठरवलेले असते की हा आतून चांगला आहे. म्हणून नायिका त्याच्या रागापाशी थांबते आणि आपणही तिच्यासोबत थांबतो. आलेल्या रिश्त्याला अशी हमी नसते. जो आज ओरडतो, तो उद्या गप्प होईल की हात उचलेल, हे पुढचे पान उलटून पाहता येत नाही.

म्हणून सुनेच्या मोबाइलमधल्या हिरोबद्दल आम्ही तिला एवढेच म्हणालो की त्याच्या मागे काय घडले त्यावरून तो असा का झाला ते कळते. त्याने हात धरून ओढले, ते त्यामुळे माफ होत नाही. लहानपणी मार खाल्लेली कितीतरी माणसे आपल्या लेकरांवर बोटही उचलत नाहीत. पहिली बायको गेली म्हणून रात्री उठून रडणारा नवरा आणि पहिली बायको गेली म्हणून दुसरीवर राग काढणारा नवरा, हे दोन वेगळे पुरुष आहेत. पहिल्याला साथ द्यावी. दुसऱ्याला सुधारण्याचे काम लेकीच्या गळ्यात घालू नये.

'जेन एअर' आम्हाला याच कारणासाठी आवडते. जेनचे त्या मालकावर प्रेम असते, लग्नाचा दिवसही उजाडतो. त्याच दिवशी कळते की त्याची पहिली बायको जिवंत आहे आणि त्याच घरात वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. जेन त्याचे सगळे दुःख ऐकून घेते. तिला कळवळाही येतो. तरी ती पहाटे घर सोडून निघते, खिशात फारसे काही नसताना. ज्या काळात अनाथ मुलीला जायला जागा नव्हती, त्या काळात एका पाद्र्याच्या मुलीने हे लिहिले. दया येणे आणि राहणे या दोन गोष्टी तिने वेगळ्या ठेवल्या. मोबाइलवरच्या कथांत ही पहाट सहसा येत नाही.

मग गुपिताचे काय करायचे? आपल्या इतिहासात याचे फार सरळ उदाहरण आहे, आणि ते आम्ही त्या रात्री अम्मींना सांगितले. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी काय काय सोसले होते! हिजरतीच्या वेळी नवऱ्यापासून आणि मुलापासून त्यांची ताटातूट झाली. पुढे पती अबू सलमा (रजि.) उहुदच्या लढाईत जखमी झाले, आणि ती जखम पुन्हा उघडून ते वारले. पदरात मुले. अशा वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून निकाहचा पैगाम आला. त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी आपल्या अडचणी उघड सांगितल्या: माझे वय झाले आहे, माझा स्वभाव फार गैरतीचा आहे, आणि माझी मुले आहेत. प्रेषितांनी त्या गोष्टी ऐकून घेतल्या आणि एकेकीचे उत्तर दिले. निकाह त्यानंतर झाला.

दुखावलेल्या स्त्रीने आपली अडचण आधी बोलून दाखवावी आणि समोरच्याने तिचे उत्तर द्यावे, यात कोणाचाही अपमान नाही. आपल्याकडे मात्र रिश्त्याच्या बैठकीत चहा-पोहे होतात, जमीन किती, नोकरी पक्की का, हे विचारले जाते, आणि जे विचारायला हवे ते "नंतर कळेलच" म्हणून सोडून दिले जाते. दुसरे असे की कुमारिकेचे गप्प राहणे हा होकार मानला जातो, पण जिचा एकदा निकाह झालेला आहे तिने स्वतःच्या तोंडाने होकार द्यायला हवा. तेलगावची लेक काही बोलत नाही, तोवर तिचा होकार झालेला नाही. "तिची ना नाही" हे पुरेसे नाही.

काय विचारावे? आम्हाला सुचते ते असे. पहिला जोडीदार कसा गेला, आणि त्याबद्दल तुम्ही कोणाशी बोलता का? राग आला की तुम्ही काय करता? कसले व्यसन, कसले औषध चालू आहे का? मुलांच्या मनाची तयारी कोणी केली आहे? जे गेले त्यांचे नाव नव्या घरात घेता येईल का? हे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावेत. मुलीकडच्यांनीही आपल्या लेकीची झोप उडालेली असेल तर ती झाकून ठेवू नये. आणि उत्तरे नुसती ऐकू नयेत. शेजाऱ्यांना, कामाच्या ठिकाणी, शक्य असेल तर पहिल्या पत्नीच्या माहेरी विचारावे. जावयाबद्दल त्या घराइतके खरे फार थोडे लोक सांगू शकतील.

झोपेचे बोललो म्हणून आणखी थोडे. मोठ्या आघातानंतर काही महिने माणूस दचकतो, तेच स्वप्न पुन्हा पडते, त्या रस्त्याने जायला नको वाटते, मन बधिर होते, चिडचिड वाढते. बहुतेकांचे हे हळूहळू कमी होते. महिना उलटून गेला तरी कमी होत नसेल, किंवा वर्षांनंतरही रोजच्या जगण्याच्या आड येत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत: बोलून करायचे उपचार, आणि गरज असेल तर गोळ्या. नवे लग्न हा त्याचा उपचार नव्हे. चांगला जोडीदार आधार होतो, पण डॉक्टर होऊ शकत नाही, आणि त्याला तसे व्हायला लावणे त्याच्यावरही अन्याय आहे. बीड जिल्ह्यातल्यांना अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. जाणे जमत नसेल तर सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. आणि घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवून ठेवावेत, एवढे हे दोन क्रमांक महत्त्वाचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक ओट्यावर मशीन घेऊन बसली होती. आम्ही पुस्तकाची गोष्ट काढली. देवदत्तसाठी रडतेस का, असे विचारले.

"नाही," ती म्हणाली. "नंदाचे वडील तिच्याशी बोलतात ना, तिथं रडू येतं. आमच्या घरी सगळे मला जेवलीस का म्हणून विचारतात. त्या रात्रीचं कोणी विचारत नाही. अब्बा तर ट्रॉलीचा आवाज आला की उठून आत जातात. मला वाटायचं त्यांना मी नको झाले. आता वाटतं, त्यांनाही तो आवाज सहन होत नसंल."

रिश्त्याबद्दल तिने सांगितले ते असे. माणूस वाईट वाटत नाही. पण तिला त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, आणि बैठकीत विचारायची हिंमत होत नाही. मापाच्या वहीच्या मागच्या पानावर तिने त्या लिहून ठेवल्या होत्या. एक, राग आल्यावर काय करता. दुसरी, माझ्या मुलाला महिन्यातून एकदा त्याच्या दादा-दादींकडे न्यायला येऊ द्याल का. गेलेल्या नवऱ्याचे म्हातारे आईवडील त्या नातवाच्या तोंडाकडे पाहून जगतात.

आम्ही वही घेऊन अम्मींना दाखवली. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, माजलगावला फोन लाव, पुढच्या बैठकीत मुलगा-मुलगी वलींच्या समोर, पण मोकळेपणाने बोलतील, तसं कळव. त्या बैठकीची तारीख आम्ही निघेपर्यंत ठरली नव्हती. हंगाम संपल्यावर बघू, असा निरोप आला होता.

वाचकांनी 'अमृतवेल' जरूर वाचावी. मोठ्या मुलींच्या हातातून ती काढून घेऊ नये. उलट घरातल्या मोठ्यांनीही वाचावी आणि त्यावर मुलींशी बोलावे. देवदत्त चांगला की वाईट, नंदाने तिथे थांबावे की निघावे, यावर जेवताना वाद झाला तर होऊ द्यावा. त्या वादातून आपली लेक कसला माणूस शोधते आहे, हे आपसूक कळते.

आम्ही चौकात गाडीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा अब्बा पोहोचवायला आले. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. गाण्यांच्या आवाजात त्यांनी जरा वाकून आम्हाला विचारले, "ते पुस्तक किती पानांचं आहे? मला वाचायला किती दिवस लागतील?"